उंबरठ्यावरचा निवेदक : शाळेतून महाविद्यालयात जाण्याचा अनुभव आणि मराठी आत्मकथनपर लेखन

मराठीतील आत्मकथनांचा व आत्मकथनात्मक कादंबरीचा विचार करताना आपल्या समीक्षेने बालपणाच्या चित्रणाला जेवढे महत्त्व दिले आहे, तेवढे महाविद्यालयीन काळाच्या चित्रणाला दिलेले नाही. यामागे एक गृहीतक आहे. दारिद्र्य, उपासमार, जातीय अवहेलना आणि शाळेपर्यंत पोहोचण्याची धडपड हा खरा संघर्ष. निवेदक एकदा मॅट्रिक झाला की संघर्ष निवळतो आणि पुढे उरते ती यशाची हकिगत, असे ते गृहीतक होय. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं'पासून पुढील दोन दशकांत या वाङ्मयप्रकाराची जी चर्चा झाली, तिच्यातील बहुसंख्य अवतरणे ग्रंथांच्या पूर्वार्धातून घेतलेली असतात, हे कोणत्याही अभ्यासकाच्या सहज लक्षात येईल. उत्तरार्ध 'विस्कळीत' किंवा 'वृत्तांतवजा' ठरवून बाजूला ठेवला जातो.

प्रस्तुत लेखात याच्या नेमके उलट मत मांडावयाचे आहे. शाळा सोडून महाविद्यालयात पाऊल ठेवण्याचा काळ हा या लेखनातील संघर्षाचा शेवट नसून निवेदकाच्या जन्माचा काळ आहे. ज्या 'मी'च्या तोंडून आपण बालपण ऐकतो, तो 'मी' या उंबरठ्यावर घडलेला असतो. तेव्हा पूर्वार्धाचे वाचनदेखील उत्तरार्धाच्या आकलनावाचून अपुरे राहते. या मताच्या पुष्ट्यर्थ काही निवडक ग्रंथ येथे विचारात घेतले आहेत. ही निवड सर्वसमावेशक नाही, आणि तसा दावाही नाही.

आरंभी या उंबरठ्याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण तो नेहमी एकाच जागी नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. प्रारंभीची अनेक दशके हे विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती. अध्यापन महाविद्यालयांत चाले, आणि मॅट्रिक ही शाळेची अखेर नसून विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. म्हणजे उंबरठा विद्यापीठाच्या मालकीचा होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) या व्यवस्थेचे चांगले दर्शन घडविते. मुरूडचा हा मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्यास जातो आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले जात नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईत शिकवण्या करीत १८८१ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक होतात आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर होतात. वाचकाच्या लक्षात राहते ती साताऱ्याची पायपीट. महाविद्यालयाचा काळ कर्वे तुलनेने शांतपणे सांगून पुढे जातात. याचे एक कारण त्यांच्या मितभाषी स्वभावात असेल. परंतु दुसरे कारण असे दिसते की तेविसाव्या वर्षी महाविद्यालयात आलेला हा गृहस्थ तोवर संसारी झालेला होता. त्याला 'घडवून' घ्यावे असे महाविद्यालयाच्या हाती फारसे उरले नव्हते.

विसाव्या शतकात चित्र बदलले. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यास महाविद्यालय काढले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, १९५० मध्ये सुरू झाले. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना मिळालेली फीमाफी, जिला खेड्यापाड्यांत आजही 'इ.बी.सी.' म्हणतात, तिने आणखी एक दार उघडले. परिणामी सोळा-सतरा वर्षांची, घराबाहेर कधी न राहिलेली मुले तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी येऊ लागली. १९७५ पासून दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला, आणि उंबरठा दुभंगला : एक पायरी दहावीनंतर, दुसरी बारावीनंतर. पुष्कळ ठिकाणी अकरावी-बारावी शाळेच्याच इमारतीत भरू लागल्याने 'कॉलेजात गेलो' हे वाक्य दोनदा म्हणावे लागे, आणि दोन्ही वेळा ते अर्धेच खरे असे. आपल्या अभ्यासविषयातील बहुतेक निवेदक मात्र अकरावीच्या मॅट्रिकवाले आहेत. त्यांच्यापुढे पायरी एकच होती, आणि ती उंच होती.

या पार्श्वभूमीवर भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) पाहावी. साठ वर्षे उलटून गेली तरी या कादंबरीवरील चर्चा संपलेली नाही, आणि अस्तित्ववाद, परात्मता, देशीयता या संज्ञांनी तिला पुरते वेढून टाकले आहे. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अगदी साधी आहे : खानदेशातील सांगवी या गावचा पांडुरंग सांगवीकर मॅट्रिक होऊन पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, आणि काही वर्षांनी पदवीवाचून गावी परततो. त्याच्या घरी अन्नाची ददात नाही. वडील सुस्थितीतील, गावात वजन असलेले शेतकरी आहेत. म्हणजे शाळेतून महाविद्यालयात जाताना होणारी पडझड केवळ दारिद्र्यातून होते हे सोपे उत्तर ही कादंबरी प्रथमच बंद करून टाकते.

तिच्यापूर्वीच्या मराठी कादंबरीत, विशेषतः ना. सी. फडके यांच्या प्रभावाखालील लेखनात, महाविद्यालय हे प्रणयाचे व चटपटीत संभाषणाचे रम्य स्थळ होते. तेथील नायक महाविद्यालयात 'येत' नाही, तो तेथे असतोच. त्याचे गाव, त्याची शाळा, त्याची ट्रंक यांविषयी वाचकाला काही कळत नाही. पांडुरंगाच्या बाबतीत मात्र येणे हाच विषय आहे. आणि तो सुरुवातीला मागे राहणारा, बुजणारा मुलगा नाही, हेही नोंदवावयास हवे. तो उत्साहाने पुढे होतो. वादविवाद, संमेलन, मेसची व्यवस्था अशा अनेक कामांत तो स्वतःला झोकून देतो, सढळ हाताने खर्च करतो, इतरांना पैसे देतो आणि बुडवून घेतो. शाळेत हुशार व पुढे असणारा मुलगा महाविद्यालयातही तोच नियम चालेल या भरवशावर वागतो. येथे नियम वेगळे आहेत हे त्याला फार उशिरा आणि हिशेबाच्या वहीतून कळते. वडिलांशी होणारा त्याचा तंटा पैशाचा दिसतो, पण खोलवर तो दोन मोजमापांचा तंटा आहे. वडील शाळेच्या मापाने विचारतात : पास झालास का, किती खर्च झाला? मुलाला सांगावयाचे असते ते या रकान्यांत बसत नाही. आणि बसेल अशी दुसरी भाषाही त्याच्याजवळ नाही.

'कोसला'तील 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांच्या वारंवार येण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना पांडुरंगाची लकब म्हटले गेले, औपरोधिक शैलीचे साधन म्हटले गेले. मला येथे एका दुर्लक्षित बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. हे दोन्ही शब्द मुळात वर्गातले आहेत. 'उदाहरणार्थ' हा पाठ्यपुस्तकाचा आणि उत्तरपत्रिकेचा शब्द. आधी नियम सांगावा, मग उदाहरण द्यावे. 'वगैरे' हा नोट्स उतरवून घेणाऱ्याचा शब्द. सगळे लिहून घेणे शक्य नसते तेव्हा तो कामी येतो. पांडुरंग 'उदाहरणार्थ' म्हणतो, परंतु ज्याचे ते उदाहरण आहे असा नियमच त्याच्यापाशी नसतो. तो 'वगैरे' म्हणतो, परंतु ज्या यादीचा तो शेपटाकडील भाग आहे ती यादी कोणी दिलेली नसते. महाविद्यालयाने या मुलाला भाषेची दोन हत्यारे दिली आणि त्यांचा उपयोग करावा असा आशय मात्र दिला नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा या शब्दांचे पोकळपण वाचकाला असह्य होते. कारण एका मुलीचा मृत्यू हा कशाचेही उदाहरण असू शकत नाही. कादंबरीची शैली म्हणजे तिच्या नायकाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा निकालच आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आनंद यादव यांच्या आत्मचरित्राकडे वळताना एक बाह्य वाटणारी पण अर्थपूर्ण गोष्ट लक्षात घ्यावी. 'झोंबी' (१९८७) हा पहिला खंड मॅट्रिकपाशी थांबतो, 'नांगरणी' (१९९०) हा दुसरा खंड महाविद्यालयीन शिक्षणाचा आहे. पुढे 'घरभिंती' व 'काचवेल' हे खंड आले. आयुष्य कोठे मोडावे याची निवड लेखकाची असते, आणि यादवांनी पहिला मोड नेमका या उंबरठ्यावर घेतला आहे. शीर्षकांतील प्रतिमाही तपासून पाहण्यासारख्या आहेत. झोंबी दोघांची असते. समोर प्रतिस्पर्धी उभा लागतो, आणि कागलच्या त्या घरात तो वडिलांच्या रूपाने उभा आहे. मुलाला शाळा हवी आहे, बापाला रानात राबणारे दोन हात हवे आहेत. नांगरणीत प्रतिस्पर्धी नाही. जमीन आहे, ती कठीण आहे, आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही. शाळकरी आनंदला आपला शत्रू कोण हे ठाऊक होते. महाविद्यालयीन आनंदला ते ठाऊक नाही. 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिच्यावर विपुल लिहिले गेले. 'नांगरणी'ची चर्चा त्या मानाने थोडी झाली. बाप-लेकाची कुस्ती वाचकाला दिसते. ढेकळे फोडण्याचे काम दिसत नाही. आपली समीक्षाही येथे फडाभोवती जमलेल्या प्रेक्षकांप्रमाणे वागली, असे म्हणावेसे वाटते.

दलित आत्मकथनांत या उंबरठ्याला आणखी एक परिमाण आहे, ते म्हणजे अर्जाचे. शाळेत प्रवेश बहुधा तोंडी होतो. गुरुजी विचारतात, कोणीतरी सांगते, रजिस्टरात नोंद होते, जन्मतारीखही गुरुजींच्याच अंदाजाची. पुढील शिक्षण मात्र कागदावर चालते. प्रवेशअर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. प्रत्येक कागद नाव विचारतो, बापाचे नाव विचारतो आणि कोणाची तरी सही मागतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही मिळविण्याचा प्रसंग आहे. या मुलाचा बाप कोण म्हणून सांगावयाचे, हा त्या सहीतला पेच आहे. गावाला जे माहीत आहे ते कागदावर लिहिता येत नाही आणि जे लिहिता येईल त्यावर गाव सही करीत नाही. हा प्रसंग महाविद्यालयाच्या दारातला नसला तरी शिक्षणाची प्रत्येक पुढील पायरी निवेदकाला त्याच प्रश्नापाशी परत आणून उभी करते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) याच प्रश्नाला वेगळे उत्तर देते. वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या या निवेदकाने वडिलांच्या नावाच्या रकान्यातील रिकामी जागा आईच्या नावाने भरून काढली, आणि तेच नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले. एका परीने अर्जातला रकाना हाच येथे आत्मकथनाचा उगम आहे. 'तू कोण' हे विचारले जाते ते ऋषीच्या आश्रमात नव्हे, कचेरीच्या खिडकीशी. सत्यकाम जाबालाची कथा अशा वेळी आठवणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की तेथे खरे उत्तर प्रवेशास पुरेसे ठरले होते.

दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये महाविद्यालयीन जीवनाचे चित्रण हा मुख्य विषय नाही. तरीही या ग्रंथाची रचना आपल्या मुद्द्याला आधार देते. शिकलेला, नोकरदार, लेखक म्हणून ओळखला जाणारा दया पवार आणि दगडू मारुती पवार यांची भेट घडवून ग्रंथाचा आरंभ होतो. एक सांगतो, दुसरा ऐकतो. हे दुभंगणे ही केवळ निवेदनाची युक्ती नव्हे. शिक्षणाने माणसाचे दोन भाग केले आणि त्यांची गाठ घालून देणे हेच आत्मकथनाचे कार्य झाले, अशी त्यामागील जाणीव आहे. यापूर्वी 'मी' म्हणून लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय आत्मचरित्रकारांना अशा योजनेची गरज भासली नाही, कारण त्यांच्या घरातली भाषा आणि महाविद्यालयातली भाषा यांत फारसे अंतर नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या सदाशिव पेठेतील मुलाला रस्ता ओलांडावा लागे. तमासगिराच्या किंवा पाथरवटाच्या मुलाला स्वतःलाच ओलांडावे लागे.

भाषेचा हा मुद्दा मला दूरून मांडता येत नाही. अध्यापनाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रथम वर्षाच्या ट्युटोरियलला मी 'माझे गाव' हा विषय दिला होता. एका मुलाने चार पाने लिहिली. त्यात 'व्हता', 'आमच्याकडं', 'इहीर', 'म्या म्हनलं' असे शब्द होते. मी तांबड्या शाईने त्यांना गोल केले, समासात शुद्ध रूपे लिहिली आणि दहांपैकी तीन गुण दिले. त्याच आठवड्यात, त्याच वर्गात, मी 'झोंबी'तील उतारा शिकवीत होतो आणि बोलीच्या सामर्थ्याविषयी उत्साहाने बोलत होतो. या दोन गोष्टींतील विसंगती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. त्या मुलाने पुढे ट्युटोरियल दिले नाही. दुसऱ्या सत्रात तो वर्गातही दिसेना. जानेवारीत त्याने दाखला काढून नेल्याचे कार्यालयातील कारकुनाकडून कळले. कारणे अनेक असतील. वसतिगृह नव्हते, गावाहून येणारी एस.टी. पहिला तास बुडवीत असे. तांबड्या शाईमुळेच तो गेला, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, आणि ती नव्हतीच असे म्हणण्याइतकाही नाही. वर्षअखेरीस गठ्ठा आवरताना ती चार पाने पुन्हा वाचली. विहिरीच्या खोदाईचे वर्णन त्यात होते. सुरुंग लावल्यावर लोक कोणत्या झाडाआड लपत, पहिले पाणी लागले तेव्हा ते कोणी चाखले, आणि चाखणाऱ्याने तोंड वाकडे केले की नाही याकडे सगळे कसे पाहत होते, हे सगळे. वर्गातल्या इतर साठ निबंधांत असे एकही वाक्य नव्हते.

हा अनुभव येथे सांगण्याचे प्रयोजन वैयक्तिक नाही. ग्रामीण व दलित साहित्यातील बोलीचा गौरव करणारी आपली अभ्यासपद्धती आणि ती बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासणारी आपली परीक्षापद्धती यांची आजवर एकमेकींशी भेट झालेली नाही. पुस्तकातील बोली ही शैली ठरते, वहीतील बोली ही चूक ठरते. या दोहोंमधील अंतर ज्याने कसेबसे पार केले तोच पुढे आत्मकथन लिहितो. ज्याला ते पार करता आले नाही त्याचे लेखन आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे उंबरठ्याविषयीची आपली सगळी साधने उंबरठा ओलांडलेल्यांनी लिहिलेली आहेत. पांडुरंग सांगवीकर हा पदवीवाचून परतलेला निवेदक म्हणूनच अपवादात्मक आहे, आणि तो कल्पित आहे, हेही विसरून चालणार नाही.

शाळा निर्दय आणि महाविद्यालय मोकळे, अशी एक समजूत आहे. पुष्कळ आत्मकथनांतून तिला दुजोरा मिळतोही. परंतु कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधील (१९८१) संस्कृत शिक्षणाविषयीचा लेख ही समजूत उलटी करून टाकतो. नागपूरच्या महार कुटुंबातील या मुलीला शाळेत संस्कृत घेताना धास्ती वाटते ती तेथील वृद्ध ब्राह्मण शिक्षकांची. प्रत्यक्षात ते शिक्षक तिला मनापासून शिकवितात. कसोटीचा प्रसंग येतो तो पुढे, विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात. तेथे विभागप्रमुखांना तिचे तेथे असणेच रुचत नाही. शाळेत एक माणूस आपल्या परंपरेच्या चौकटीत राहूनही सौजन्याने वागू शकतो आणि विद्यापीठात, जेथे विद्येचा अधिकार सर्वांना असल्याचे छापील स्वरूपात मान्य झालेले आहे, तेथे अप्रिती अधिक सूक्ष्म, अधिक सभ्य आणि म्हणून सिद्ध करण्यास अधिक कठीण होते. पावडे यांनी हा फरक नोंदविताना स्वर चढविलेला नाही. पुढे पदव्युत्तर पदवी मिळूनही कुमुद सोमकुवर या नावाने नोकरी मिळत नाही आणि आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाने ती मिळते. अर्जातील नावाचा जो प्रश्न लिंबाळे आणि काळे यांच्यापुढे प्रवेशाच्या वेळी आला, तो येथे शिक्षण पुरे झाल्यावर आला. उंबरठा मागे पडला असे वाटत असता तो पुढे सरकलेला असतो.

स्त्रियांच्या लेखनात तर तो कोठे आहे हेच अनेकदा निश्चित सांगता येत नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) रत्नागिरीतील शाळा आणि मुंबईतील विद्यापीठ यांच्यामध्ये विवाह, नोकरी आणि मुले येतात. पदवी व पुढे एम.ए. हे सगळे संसार सांभाळून होते, आणि घरातून त्याला मिळणारा प्रतिसाद नेहमी अनुकूल नसतो. सतराव्या वर्षी घर सोडून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या अनुभवावरून आपण जे नमुने तयार केले, ट्रंक, वसतिगृह, मेस, मनिऑर्डर, ते येथे निरुपयोगी ठरतात. ही विद्यार्थिनी घर सोडून जात नाही. रोज संध्याकाळी घरी परतून स्वयंपाकाला लागते आणि पुन्हा तीच होते. पुरुष निवेदकाच्या बाबतीत शिक्षणाने पडणारी फूट कालक्रमाने पडते : आधीचा मी, नंतरचा मी. येथे ती एकाच दिवसात पडते व बुजवली जाते. 'आयदान'चे निवेदन कालक्रमाची शिस्त फारशी पाळीत नाही, आठवणींच्या विणीतून पुढेमागे जाते, याची संगती केवळ शीर्षकातील विणकामाच्या प्रतिमेशी लावून थांबू नये. ज्या आयुष्यात विद्यार्थिदशा सलग आलीच नाही, त्याचे निवेदन सलग कसे असावे?

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शाळेतून महाविद्यालयात जाताना होणारी घालमेल ही वयाची आहे, सार्वत्रिक आहे. शहरी, सुखवस्तू घरातील मुलालाही पहिल्या वर्षी परके वाटते, तेव्हा तिला जातीचे, गावाचे, भाषेचे संदर्भ चिकटविण्याची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. एकटेपणा सर्वांच्या वाट्याला येतो. शाळेत नाव घेऊन हाक मारणारे शिक्षक जाऊन हजेरीपटावरील क्रमांक उच्चारणारे प्राध्यापक येतात, घंटेऐवजी 'ऑफ तास' येतात आणि त्या मोकळ्या तासाचे काय करावे हे कोणीही शिकविलेले नसते. मात्र घालमेल सार्वत्रिक असली तरी तिची किंमत सार्वत्रिक नसते. ज्याच्या घरी आधी कोणी पदवीधर झालेले आहे, त्याला वर्ष वाया गेले तरी मागे परतण्यासाठी एक जागा असते आणि ते वर्ष पुढे गंमत म्हणून सांगता येते. ज्याच्या घराने एक बैल किंवा एक पाटली विकून त्याला पाठविले, त्याला गमतीची मुभा नाही. पांडुरंगाला परतता आले, कारण परतण्यासाठी शेत होते. 'उपरा' (१९८०) किंवा 'उचल्या' (१९८७) यांच्या निवेदकांमागे असे शेत नव्हते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कैकाड्याच्या मुलाने मागे परतावयाचे म्हणजे कोणत्या गावी?

आज परिस्थितीत बदल झाला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये आहेत; मुली मोठ्या संख्येने येतात; घराशी बोलण्यासाठी पत्राची वाट पाहावी लागत नाही. तरी प्रथम वर्षाच्या वर्गात जून-जुलैत मागील बाकांवर बसणारे, पहिल्या चाचणीनंतर न दिसणारे विद्यार्थी आजही असतात. महाविद्यालय जवळ आले म्हणून उंबरठा खाली आला, असे झालेले नाही. उलट पूर्वी तीस कोसांवरच्या शहरात जाणाऱ्याला आपण परक्या ठिकाणी आलो आहोत हे तरी उघड दिसे. आता तो आपल्याच एस.टी.ने, आपल्याच बाजाराच्या गावी येतो आणि तरीही परका असतो, तेव्हा दोष स्वतःतच आहे असे त्याला वाटू लागते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी एका साधनाकडे निर्देश करावासा वाटतो. प्रसिद्ध आत्मकथने ही उंबरठा ओलांडल्यानंतर दहा, वीस, कधी तीस वर्षांनी लिहिलेली आहेत. त्या वयात, त्या क्षणी लिहिलेले लेखन सापडण्याची शक्यता असलेली जागा म्हणजे महाविद्यालयांचे वार्षिक अंक. प्राचार्यांचे मनोगत, गुणवंतांची छायाचित्रे आणि क्रीडा विभागाचा अहवाल यांच्यामध्ये दडलेल्या कविता व निबंधांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा नाही. तरी प्रथम वर्षातल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले, संपादक-प्राध्यापकाने कमीअधिक दुरुस्त केलेले असे ते लेखन आहे. दुरुस्ती कोठे झाली हे हस्तलिखित उपलब्ध असल्यास ताडून पाहता येईल, आणि बोली कोणत्या वर्षापासून छापली जाऊ लागली याचाही माग लागेल. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात १९७० नंतरचे अंक असावयास हवेत. मी शोध घेतला तेव्हा एका कपाटात अकरा सापडले, त्यांपैकी दोन वाळवी लागलेले. उरलेले ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत हलविताना रद्दीत गेले, असे जुन्या शिपायाने सांगितले. जिल्ह्यातील इतर महाविद्यालयांत काय शिल्लक आहे हे पाहण्याचे काम या उन्हाळ्यात हाती घेतले आहे.